दुआत नाव कुणाचं

जिवंत सवतीशी भांडता येतं. तिची रोटी करपली तर मनातल्या मनात हसता येतं, तिच्या केसांत चांदी दिसली की स्वतःची वेणी जरा सैल सोडून अंगणात फिरता येतं. मेलेल्या सवतीचं काय करायचं? ती म्हातारी होत नाही, तिच्या हातून मीठ जास्त पडत नाही, आणि तिच्याविरुद्ध ब्र काढला तर लोक आपल्यालाच नावं ठेवतात. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही खोटं नाही. आमच्या शेजारच्या रुकय्याच्या नशिबी अशी सवत आली, आणि तिच्याशी ती तोंड मिटून भांडत राहिली.

मी तिची शेजारीण. आमच्या दोन घरांत कुडाची एकच भिंत, आणि तीही लिंपण उडालेली. पलीकडे कुणी शिंकलं तर इकडे माझं पोर दचकायचं. जे भिंतीतून आलं नाही ते रुकय्यानं पुढे स्वतः सांगितलं. तेव्हा मी पदरचं काही घालत नाही.

देश स्वतंत्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. श्रीवर्धनच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी आमचा मोहल्ला. मागे सुपारीच्या वाड्या, पुढे बंदर, मधे मशीद. पुरुष बहुतेक जहाजांवर, त्यामुळे मोहल्ला बायका, म्हातारे आणि पोरं यांच्याच जिवावर चालायचा. शरफुद्दीन मुकादम मालाच्या जहाजावर स्वयंपाकी होता. वर्षातून एकदा यायचा, महिनाभर राहायचा, जाताना रडायचा. त्याची पहिली बायको मरियम तापानं गेली तेव्हा पोरगी सफिया पाच वर्षांची होती. घरात शरफुद्दीनची आई हवाबी. सगळा मोहल्ला तिला हवादादी म्हणायचा, सूनही तेच म्हणायची.

हवादादीनं दुसरी सून शोधली ती राजपुरीकडच्या खतीबाची मुलगी. खतीब म्हणजे मशिदीत शुक्रवारचं प्रवचन, खुतबा, वाचणारा, शिकलेला माणूस. त्यानं मुलीला कुराण नुसतं वाचायला शिकवलं नव्हतं, अर्थही शिकवला होता. आमच्याकडे अरबी सगळ्यांना पाठ, पण अर्थ विचाराल तर सगळ्यांचे डोळे छपराला. आईनं म्हटलं तसं आम्ही म्हणायचो, आमच्या आईनं तिच्या आईचं ऐकून म्हटलं होतं. रुकय्याला मात्र शब्द न् शब्द कळायचा. "पोरीला नमाज लावील," एवढ्यासाठीच हवादादीनं ही सून आणली, आणि तसं चारचौघांत सांगितलंही. रुकय्याला त्याचा अभिमान होता. दिसायला ती बेताचीच होती, हाताला चवही बेताचीच, पण खतीबाची मुलगी होती.

आता जुमेरात, म्हणजे गुरुवार. आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावानं जुमेरातीला त्याच्या आवडीचं करायचं, ऊद जाळायचा, फातिया द्यायची, म्हणजे कुराणातलं म्हणून त्याचं पुण्य त्या माणसाला पोचवायचं, मग ते शेजारीपाजारी वाटायचं. मरियमला सांदणं आवडायची. तांदूळ भिजवायचे, पाट्यावर वाटायचे, नारळाच्या पाण्यात पीठ आंबवायचं, वाटीवाटीनं वाफवायचं, वर नारळाचा गूळ घातलेला रस. निम्मा दिवस त्यात जातो. दर जुमेरातीला रुकय्या सवतीच्या आवडीची सांदणं करायची, आणि फातिया होईपर्यंत कणसुद्धा जिभेवर ठेवायची नाही.

वर ऐकून घ्यायचं. मासळी घेऊन येणारी वेणूबाई कोळीण आपला वाटा हक्कानं मागून घ्यायची, ओसरीवर बसून खायची आणि बोटं चाटत म्हणायची, "बरी झाल्यांत. पन मरियमबीच्या हाताला नाय सर. ती कापूस करायची, कापूस."

"व्हय, मरियमचा हात मऊच होता," हवादादी म्हणायची.

रुकय्या आत जाऊन पाटा धुवायची. तो तिनं इतका घासला होता की त्याच्यावर वाटण व्हायचं बंद झालं आणि टाकीवाल्याला बोलवावं लागलं.

सफिया मात्र तिला हळूहळू चिकटली. पोरगी आठ वर्षांची, काटकुळी, हट्टी. हाक मात्र 'नवी मां'. लग्नाला तीन वर्षं झाली तरी नवी. रुकय्यानं तिला वजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय-तोंड धुणं, शिकवला, उभं राहणं, वाकणं, कपाळ टेकून सजदा शिकवला. पहाटे फजरला उठवायचं म्हणजे दिव्यच. एक पाय ओढला की दुसरा गोधडीत शिरायचा. रुकय्या तिला उचलून विहिरीवर न्यायची, थंडीत पाणी कोमट करून द्यायची, डोळ्यांवरची झोप ओल्या हातानं पुसायची. ओरडायची नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. स्वतःचं मूल नव्हतं, म्हणून सगळी माया त्या एका पोरीवर.

नमाजच्या शेवटी, बसल्या जागी, दोन्ही खांद्यांकडे मान वळवून सलाम फेरायच्या आधी एक दुआ म्हणतात. रब्बिजअलनी मुकीमस्सलाती, अशी सुरू होते ती. सफियानं ती पाठ केली आणि एका सकाळी विचारलं, "नवी मां, ह्याचा मतलब काय?"

रुकय्याला कुणी मतलब विचारला की तिची मान सरळ व्हायची. ती म्हणाली, "ऐक. ऐ परवरदिगार, मना नमाज कायम ठेवनारी कर, माज्या औलादीला पन तशीच कर. आमची दुआ कबूल कर. मना माफ कर, माज्या आईबापांना माफ कर, सगल्या ईमानवाल्यांना माफ कर, हिशेब होईल त्या दिवशी."

औलाद हा शब्द रुकय्या दर वेळी घाईनं उरकायची, त्याही वेळी उरकला. पण सफियाचं लक्ष तिकडे नव्हतं. तिचे डोळे चमकले.

"आईबाप? म्हंजे माजी माय पन? मी बोलले तर मायला माफी भेटंल?"

"भेटंल," रुकय्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बांग व्हायच्या आधी सफिया आपणहून उठली. विहिरीवर एकटी गेली, गार पाण्यानंच वजू केला. तिसऱ्या दिवशीही तेच. हवादादीच्या डोळ्यांतून पाणी खळेना. साऱ्या मोहल्ल्याला तिनं सांगितलं, पोरीला नमाज लागली. सांगताना मात्र म्हणायची, "मरियमची पोर हाय. आईचा गुन आला."

बस. तिथं रुकय्याच्या काळजात ठिणगी पडली. पाय मी ओढले, पाणी मी कोमट केलं, शब्द न् शब्द मी तोंडात भरवला आणि गुण मरियमचा! दळण आपलं आणि पीठ शेजारणीच्या डब्यात. मला विचाराल तर तिचं चुकलं नव्हतं. जळायला कारण होतं. कारण असलं म्हणून माणूस काहीही करतो का, हा पुढचा प्रश्न.

सफिया सलाम फेरल्यावर हात पसरून आपल्या बोलीतही मागायची. मुलांना सवय असते, अल्लाला नावनिशीवार सांगितल्याशिवाय त्यांचा भरवसा बसत नाही. रुकय्या चुलीपाशी बसून कान देऊन ऐकायची. मायला माफ कर, मायला जन्नत दे. बाबाचं जहाज नीट आन. दादीचे गुडघे बरे कर. बुडालेल्या आजोबांना माफ कर. आनि आमची शेळी मेली, तिला पन जागा दे. आमीन.

रोज रुकय्या वाट पाहायची. रोज आमीन यायचं. शेळीला जागा होती, रुकय्याला नव्हती.

एका फजरला तिच्यानं राहवलं नाही. पोरगी आमीन म्हणून उठली तशी रुकय्या म्हणाली, "सफिया, मेल्या मानसाला काय पोचत नाय."

"म्हंजे?"

"मानूस मेलं की त्याचा हिशेब बंद. त्यानं केलं तेवढंच त्याचं. आपन मागून काय उपेग नाय. दुआ जित्या मानसासाठी करायची. जे आपल्यासाठी राबतात त्यांच्यासाठी."

हे धादांत खोटं होतं, आणि तिच्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिचा बाप खतीब स्वतःच्या मेलेल्या आईसाठी पाचही नमाजांत हात पसरत आला होता. तिच्याच हातून त्यानं ती दुआ फळीवर लिहून गिरवून घेतली होती.

सफियानं मुसल्ला, म्हणजे नमाजाची चटई, उचलला. मग तिनं विचारलं, "मंग दादीची फातिया?"

इथंही थांबता आलं असतं. रुकय्या म्हणाली, "ती पन नाय पोचत."

तिला वाटलं होतं, उद्यापासून आपलं नाव येईल. उद्या सफिया उठलीच नाही. पाय ओढले तर म्हणाली, "उटून काय करू? मायला तर पोचत नाय." परवाही नाही. हट्टी पोर ती, गोधडीतून तिला ओढून काढता आलं असतं, पण तिच्या तोंडून दुआ कोण ओढून काढणार? मुसल्ल्यावर उभी केली तरी ओठ मिटून उभी राहायची. ज्या एका कामासाठी रुकय्याला या घरात आणलं होतं ते तिनं स्वतःच्या जिभेनं मोडलं.

मग जुमेरात आली. हवादादीनं ऊद काढला तशी सफिया म्हणाली, "दादी, नको करू. मेलेल्यांना पोचत नाय."

"कोन बोललं मेलं?" हवादादी कडाडली. भिंतीच्या अलीकडे माझ्या हातातलं सूप थांबलं.

"नवी मां बोलली."

दुसरं कुणी बोललं असतं तर हवादादीनं त्याच्या सात पिढ्यांची धुलाई केली असती. पण बोलली होती खतीबाची मुलगी, जिला मतलब कळतो. मुंबईहून येणारे नवे मौलवी असं काहीबाही सांगतात हेही म्हातारीच्या कानावर होतं. ती सुनेकडे बघत राहिली. रुकय्यानं मान खाली घातली. म्हातारीला वाटलं, सून अदबीनं गप्प आहे. तिनं ऊद परत डबीत ठेवला.

त्या दिवशी सांदणं तशीच वाटली गेली, फातियाविना. पुढच्या जुमेरातीला तांदूळ भिजलेच नाहीत. रुकय्या दुपारी चक्क आडवी झाली, पाय पसरून. तिनं मला सांगितलं, "खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मना लय बरं वाटलं. वाटलं, मरियम आज खरी मेली." वेणूबाई आली, रिकाम्या ओसरीकडे बघून म्हणाली, "आज कायच नाय?" आणि पापलेटाचा भाव दोन आण्यांनी वाढवून निघून गेली.

बरं वाटणं टिकलं नाही. त्याला कारण हवादादी.

हवादादीचा नवरा जवानीतच गलबताबरोबर बुडाला होता. माणूस हाती लागला नाही. कबर नाही, म्हणून कब्रस्तानात जायला जागा नाही. म्हातारी काय करायची, प्रत्येक नमाजानंतर मुसल्ल्यावर बसून त्याच्याशी बोलायची. आधी दुआ, मग बातम्या. शरफूचं जहाज कुठं गेलं, सुपारी कशी धरली, सफियाचा कोणता दात पडला. आम्ही भिंतीपलीकडून ऐकून हसायचो. माझा नवरा म्हणायचा, जिता असता तर इतकं बोलनं ऐकून परत जहाजावर गेला असता. ऊद डबीत परत गेला त्या दिवसापासून ते बंद झालं. नमाज झाली की म्हातारी मुसल्ला गुंडाळायची आणि भिंतीला टेकून बसायची. जेवण अर्ध्यावर आलं. भिंतीतून काही ऐकू येईना, तर मलाच करमेना.

एके दिवशी दुपार कलल्यावरची, असरची नमाज झाली. ऊन अंगणात उतरलं होतं, सफिया पायरीवर चिंचोके घोळवत होती, रुकय्या तांदूळ निवडत होती. हवादादी म्हणाली, "रुकय्या, इकडं ये. बस."

तिनं सुनेला आपल्याजवळ, स्वतःच्या मुसल्ल्यावर बसवलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"तू शिकलेली हायस," म्हातारी म्हणाली. "आमी ढोरं. कुनी सांगितलं तसं करत आलो. तुना मी आज एक विचारते, राग नको धरू. मी त्याना जे जे आजवर पाठवलं, दुआ, फातिया, सगलं, त्याना पोचलं नाय, तर मंग ते गेलं कुठं? वाया गेलं असंल तर तसं सांग. आनि ते एवढी वर्सं थितं बसून काय समजले असतील? का बायको इसरली?"

रुकय्या मला म्हणाली, "लग्न झाल्यापासून मी त्याच घडीची वाट बघत होते. दादी मना काहीतरी विचारील, माझं ऐकंल, मरियमचं नाव न घेता. आनि ती घडी आली ती अशी." म्हातारी वाट बघत होती. रुकय्यानं हो म्हटलं असतं तरी तिनं मान्य केलं असतं, नाही म्हटलं असतं तरी. एवढा विश्वास होता.

रुकय्या म्हणाली, "पोचतं, दादी. सगलं पोचतं. मी खोटं बोलले."

चिंचोक्यांचा आवाज थांबला.

"खोटं?"

"मना हेवा वाटला. मरियमचा. पोरगी रोज तिचं नाव घेते, माझं नाय घेत. शेळीचं घेते. म्हनून बोलले. माजा बाप त्याच्या आईसाठी रोज मागतो. नमाजातल्या दुआत मेलेजिते सगले येतात."

हवादादीचा हात उठला. रुकय्यानं डोळे मिटले, पण हात तिच्या गालावर आलाच नाही. तो म्हातारीनं स्वतःच्याच कपाळावर मारून घेतला.

"अगं कैदाशिणी," ती म्हणाली, "त्या दर्यातल्या मानसाला उपाशी ठेवलंस की तू! मना गप बसवलंस! तुज्या बापानं हेच शिकवलं तुना?"

मग ती रडली, आणि रडता रडताच मुसल्ला सरळ करून बसली नि नवऱ्याशी बोलायला लागली. इतक्या दिवसांचं साठलेलं, त्यात सुनेच्या नावानं शिव्याही होत्या. दिवस बुडून मगरिबची बांग झाली तेव्हा कुठे थांबली. मला भिंतीपलीकडे हसू आवरेना आणि रडूही आवरेना.

सफिया पायरीवरून उठून आली होती. तिनं रुकय्याला विचारलं, "तवा खोटं बोलत होतीस, मंग आता खरं बोलतेस कशावरनं?"

मतलब सांगणारी घरात रुकय्या एकटीच, आणि आता तिच्या शब्दाला कवडीची किंमत राहिली नव्हती. उत्तर म्हातारीनं दिलं, नाक पुसत, "आपली लाज झाकायला मानूस खोटं बोलतं, बाय. ही तर आपल्या हातानं उघडी पडली. हे खरं हाय."

पोरगी दोन-तीन दिवस नव्या मांच्या वाऱ्यालाही उभी राहिली नाही. रुकय्या फजरला तिला उठवायलाही गेली नाही, कोणत्या तोंडानं जाणार? ती आपली एकटी मुसल्ल्यावर उभी राहायची आणि मागे लक्ष ठेवायची. एका पहाटे मागे बादली वाजली. सफिया ओल्या पायांनी आली, तिच्या शेजारी जरा अंतर ठेवून उभी राहिली. जुमेरातीही परत सुरू झाल्या. हवादादी सुनेशी महिनाभर कामापुरतंच बोलली. शिव्या मात्र कामापलीकडेही देत होती.

पण हेवा काही आंघोळ केली की जाणारी घाण नाही. रुकय्याचे कान तसेच टवकारलेले. फक्त आता सफिया शिकली होती, हात पसरून मागायची ते ओठांतल्या ओठांत. काही ऐकू यायचं नाही. कुणाकुणाचं नाव येतं, कोण जाणे. रुकय्या त्या हलणाऱ्या ओठांकडे बघत बसायची, आणि मला तिचा राग यायचा नि दयाही.

पावसाळा संपून सुपारी उतरायला लागली होती. असरनंतर मी त्यांच्या ओसरीवर सुपाऱ्या सोलत बसले होते, रुकय्या समोर. सफियानं नमाज पढली, हात तोंडावरून फिरवले. रुकय्याला राहवलं नाही. माझ्यादेखत तिनं विचारलं, आवाज इतका खाली की पोरीनं दोनदा "काय?" म्हटलं.

"तुज्या दुआत मी असते का गं?"

"असतेस की," सफिया म्हणाली. "तुजं नाव तर पैलं घेते."

रुकय्याच्या हातातली सुपारी खाली पडली. लग्नात नवरी म्हणून बसली होती तेव्हाही तिचं तोंड असं उजळलेलं मी पाहिलं नव्हतं.

"पैलं? तुज्या मायच्या आदी?"

"मंग?" मुसल्ला गुंडाळत सफिया म्हणाली. "मायनं काय केलंय? ती कवा खोटं नाय बोलली. तुनाच माफी जास्त लागंल."

मी फिस्सकन हसले, माझ्यानं राहवलंच नाही. रुकय्या हसली नाही. तिनं पोरीला जवळ ओढलं, तिची ओढणी डोक्यावर नीट केली, आणि बराच वेळ तिचे खांदे धरून ठेवले.

"मंग रोज घे हां," ती म्हणाली. "एक पन नमाज चुकवू नको, बाय."